कॉम पोर्टची पट्टी लावण्याआधी

बेळगावात हार्डवेअरच्या कामाला नव्याने लागलेल्या पोरांना एक गोष्ट हमखास चकित करते. डिप्लोमात ‘हे आता जुनं झालं’ म्हणून दोन ओळींत उरकलेला सीरियल पोर्ट, म्हणजेच कॉम पोर्ट, इथं सारखा समोर येतो. उद्यमबागेतल्या जुन्या सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनला प्रोग्राम पाठवायचा तर तोच, आणि चिकोडी-अथणीकडे उसाच्या वजनकाट्याचं इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, कॉम्प्युटरला जोडायचं तरी तोच. मशीन वीस वर्षं चालतं, कॉम्प्युटर त्याच्या आधी कधीच बाद होतो. नवा कॉम्प्युटर आला की मागच्या बाजूला नऊ पिनांचा पोर्टच नसतो, आणि मालक विचारतात, “आता काटा कुठं जोडायचा?”

तर आधी कॅबिनेट उघडा. मागे पोर्ट नसला तरी अनेक डेस्कटॉप मदरबोर्डांवर त्याचा हेडर, म्हणजे वायर बसवायच्या उभ्या पिनांचा जोड, असतो. बहुतेक वेळा बोर्डाच्या खालच्या कडेला, शेजारी ‘कॉम’ किंवा ‘जेकॉम’ असं छापलेलं. पिनांच्या दोन रांगा, जागा दहा, पिना नऊ. तिथंच यूएसबीचा आणि पुढच्या ऑडिओचा हेडरही अगदी तसाच दिसतो, म्हणून गायब पिन कोणती ते बघायचं. यूएसबीत नववी नसते, ऑडिओत आठवी, कॉममध्ये दहावी. हे घोकून ठेवा. कॉमच्या पिनांवर अधिक-उणे बारा व्होल्टपर्यंत दाब येतो, यूएसबीचा कारभार पाच व्होल्टवर चालतो. पुढच्या यूएसबीची वायर चुकून इथं बसली आणि कोणी पेनड्राइव्ह लावला, तर तो गेलाच म्हणायचा.

आता पट्टी, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या फटीत बसणारा पत्रा, त्यावर नऊ पिनांचा पोर्ट आणि आत जाणारी वायर. खरी गोम इथं आहे. बाजारात या पट्ट्या दोन जातींच्या मिळतात आणि दुकानदाराला त्यातला फरक बहुधा माहीत नसतो. एका जातीत हेडरची एक नंबरची पिन पोर्टच्या एकला, दोनची दोनला, तीनची तीनला जाते. तिला इंटेल किंवा डीटीके वायरिंग म्हणतात. दुसरीत सपाट रिबन केबल थेट पोर्टात दाबलेली असते, त्यामुळे क्रम एक, सहा, दोन, सात, तीन, आठ असा पडतो. ती एटी किंवा एव्हरेक्स. हल्लीच्या बहुतेक बोर्डांना पहिली लागते. दुसरीही हेडरवर व्यवस्थित बसते, विंडोजमध्ये पोर्टही दिसतो, फक्त डेटा येत नाही. मग पोरं ड्रायव्हर टाकत बसतात, सॉफ्टवेअरवाल्याशी भांडतात, आणि दिवस जातो.

मल्टिमीटर असेल तर हा तिढा लगेच सुटतो. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, मीटर बीपच्या सेटिंगवर ठेवून त्याचं एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला लावा आणि हेडरच्या पाच पिनांच्या रांगेत दुसरं टोक फिरवा. मधल्या पिनेवर बीप वाजली तर बोर्ड इंटेल पद्धतीचा, कारण तिथं पाच नंबरची पिन ग्राउंड असते. गायब पिनेशेजारच्या टोकाच्या पिनेवर वाजली तर एव्हरेक्स. मग हेडरची ती ग्राउंड पिन पट्टीवरच्या पोर्टच्या पाच नंबरला पोचते का ते तपासा. चुकीची पट्टी इंटेल बोर्डावर असेल तर बीप पाचऐवजी तीनवर येते.

पट्टी बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सीरियल पोर्ट ‘एनेबल्ड’ आहे ना ते बघायचं; कॉम वनचा, म्हणजे पहिल्या सीरियल पोर्टचा, पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा नंबर) ४ असतो. काटा जोडायची घाई करू नका. पोर्टच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना एका तारेने जोडा, टर्मिनल प्रोग्राम (पोर्टवरून अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा) उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर उमटलं, तर कॉम्प्युटरची बाजू ठीक. तार काढल्यावर उमटणं थांबलं पाहिजे, नाहीतर तुम्ही प्रोग्रामचा स्वतःचा इको बघताय.

पुढे केबल. नऊ पिनांच्या पोर्टवर दोन नंबरला डेटा येतो आणि तीनवरून जातो. जुन्या सीएनसी कंट्रोलवर पंचवीस पिनांचा पोर्ट असतो, तिथं बरोबर उलट: दोनवरून जातो, तीनवर येतो आणि ग्राउंड सातवर. त्यामुळे दोनला दोन, तीनला तीन, पाचला सात जोडलं की काम होतं. दोन्हीकडे नऊ पिना असतील तर इंडिकेटरचं मॅन्युअल बघून सरळ (दोनला दोन) की उलटी (दोनला तीन) केबल ते ठरवायचं. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा बिट), स्टॉप बिट दोन्ही बाजूंना एकच हवेत. पडद्यावर वजनाऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली तर वायर उचकटू नका, ती बहुधा बॉड रेटची किंवा पॅरिटीची तक्रार असते.

केबल लावताना आणि काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. शेडमधल्या मशीनचं अर्थिंग आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं अर्थिंग यांत फरक असला की तो दाब केबलमधून वाट काढतो आणि पोर्टची आयसी उडते. काटा ऑफिसापासून लांब असेल तर आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त डेटा जाऊ देणारा डबा, बसवायला मालकांना राजी करा. आरएस-२३२ची, म्हणजे याच सीरियल पोर्टची, केबल पंधरा मीटरच्या आत असावी असा जुना संकेत आहे. त्याहून लांब ओढायची तर बॉड रेट कमी ठेवावा लागतो.

यूएसबी कन्व्हर्टरने भागत नाही का? लॅपटॉपवर भागवावंच लागतं. पण वेगळ्या सॉकेटात लावला की त्याचा कॉम नंबर बदलू शकतो, आणि काट्याची काही जुनी सॉफ्टवेअरं कॉम वन ते फोरच्या पुढचा नंबर ओळखतच नाहीत. मदरबोर्डावर हेडर असेल तर मी पट्टीच लावतो.

पैशाचं आधीच बोलून घ्या. पट्टी स्वस्त असते, आणि गिऱ्हाईक तिच्या किमतीवरून मजुरी ठरवतं. म्हणून फोनवरच जाण्यायेण्याचे आणि तपासणीचे पैसे वेगळे सांगायचे, विशेषतः उसाच्या हंगामात निपाणीच्या पलीकडून बोलावणं आलं तर. थैलीत दोन्ही जातींची एकेक पट्टी ठेवा, वर मार्करने नाव लिहून.