पाणी वाचवायचंय? आधी आठवडाभर नुसतं मोजा

पाणी वाचवा म्हटलं की सगळ्यांना दात घासताना नळ बंद करणं तेवढं आठवतं. ते कराच, पण माझं म्हणणं असं आहे की आपलं पाणी नक्की जातंय कुठे हेच बहुतेकांना माहीत नसतं, आणि मग जिथे फारसं जात नाही तिथे आपण जीव तोडून काटकसर करतो आणि जिथे धो धो जातंय तिकडे लक्षच नसतं. म्हणून आधी मोजायचं.

पाणी किती कमी आहे ते आधी डोळ्यासमोर आणा. पृथ्वीवरचं सगळं पाणी १०० लिटरच्या ड्रममध्ये भरलंय समजा. त्यातलं साडेसत्याण्णव लिटर खारट. उरलं अडीच लिटर गोडं, त्यातलं पावणेदोन लिटरच्या आसपास बर्फात अडकलेलं आणि राहिलेलं बहुतेक जमिनीखाली. नद्या आणि गोड्या पाण्याचे तलाव मिळून येतं चहाचा दीड चमचासुद्धा नाही. एवढ्यावर, आणि जमिनीखालून जे उपसतो त्यावर, जगाची शेती, कारखाने, शहरं सगळं चालतं. माणूस जेवढं गोडं पाणी उचलतो त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं, २० टक्क्यांहून जरा कमी उद्योगांना, आणि घरगुती वापराला १२ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता मोजायला कसं घ्यायचं. पाण्याचा मीटर असेल तर रात्री झोपायच्या आधी सगळे नळ, मशीन, सगळं बंद करा, मीटरचा शेवटचा आकडासुद्धा लिहून घ्या आणि दोन तास कोणी पाणी वापरायचं नाही. दोन तासांनी आकडा हलला असेल तर कुठेतरी लीक आहे, वाद नाही. मीटर नसेल तर शॉवरखाली १० लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. माझी बादली ६५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ९ लिटरच्या वर, आणि मी शॉवरखाली आठ मिनिटं असते हे पण मी त्याच दिवशी पहिल्यांदा मोजलं, म्हणजे एका आंघोळीला जवळजवळ ७४ लिटर. माणसाच्या मूलभूत गरजांसाठी दिवसाला ५० ते १०० लिटर लागतात असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे, आणि माझी नुसती आंघोळच ७४ ची. दुसऱ्या दिवसापासून साबण लावताना शॉवर बंद, कोणी सांगावं लागलं नाही.

ठिबकणाऱ्या नळाचं पण तसंच. थेंब थेंब तर पडतोय, त्याने काय होतंय असं वाटतं. पेला ठेवा खाली आणि वेळ बघा. आमच्या बेसिनच्या नळाखाली पाव लिटरचा पेला ४० मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला ९ लिटर, वर्षाला सव्वातीन हजारच्या वर! आणि दुरुस्ती काय होती, तर आतला रबराचा वायसर झिजला होता, तो बदलला की झालं. फक्त मेन कॉक आधी बंद करा, नाहीतर नळ उघडल्या उघडल्या अंगावर फवारा.

पण घरातला सगळ्यात मोठा चोर बहुतेक वेळा फ्लशची टाकी असते, आणि ती बहुतेकदा आवाजही करत नाही म्हणून यावर जरा जास्त लिहिते. टाकीचं झाकण उघडून आत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. पंधरा मिनिटांनी खाली भांड्यात रंग उतरलेला दिसला तर तळाचा रबरी फ्लॅप नीट बसत नाहीये. कधी त्यावर क्षार साचलेले असतात, ते पुसून काढले तरी भागतं, कधी रबर कडक झालेलं असतं मग बदलावंच लागतं. टाकीत सतत सूं सूं आवाज येतोय आणि पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलंय तर ते त्या नळीतून वाहून जातंय, मग फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, थोडा खाली घ्या. जुन्या टाक्या एका फ्लशला १३ लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी सोडतात, नव्या ६ मध्ये काम करतात, दोन बटणांच्या असतील तर लहान बटणाला ३-४ लिटर. टाकी जुनी असेल आणि बदलणं जमत नसेल तर लिटरभराची बाटली पाणी आणि वाळूने भरून, झाकण घट्ट लावून आत कोपऱ्यात उभी करा, दर फ्लशला तेवढं पाणी वाचतं. वीट ठेवू नका, तिचा भुगा सुटतो आणि फ्लॅपमध्ये अडकतो. आणि नव्या टाकीत बाटली नकोच, दोनदा फ्लश करावा लागला तर उलट जास्तच गेलं.

बाकीचं पटकन सांगते. वॉशिंग मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. भांडी वाहत्या नळाखाली नको, टबात विसळा. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी येतं ते बादलीत धरा. आरओच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी फरशीला, टॉयलेटला वापरा, झाडांना रोज रोज नको, त्यात क्षार जास्त असतात. झाडांना पाणी पहाटे, आणि आधी मातीत बोट खुपसून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. छपरावरच्या पावसाचा हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पडला की १ लिटर. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर, थोडं इकडे तिकडे सांडतं ते सोडा. पहिल्या सरीचं घाण पाणी मात्र टाकीत घेऊ नका.

आता ते ७० टक्के. आपण खातो आणि घालतो त्यात जे पाणी लपलेलं असतं ते नळाच्या कितीतरी पट आहे. जगाची सरासरी धरली तर किलोभर तांदूळ पिकवायला आणि तयार करायला साधारण २५०० लिटर लागतात, एका कॉटनच्या टी-शर्टला पण तेवढेच, किलोभर बीफला १५,४०० च्या आसपास आणि एक कप कॉफीला १३० लिटर. म्हणजे किलोभर तांदूळ कीड लागून फेकला तर माझ्या त्या ७४ लिटरवाल्या ३३ आंघोळी गेल्या. म्हणून माझ्या मते घरातली सगळ्यात मोठी बचत फ्रीज आणि डबे आठवड्यातून एकदा उघडून बघण्यात आहे, जे आधी खराब होणार ते पुढे आणून ठेवायचं, आणि ते संपेपर्यंत नवीन आणायचं नाही. कपड्यांचंही तेच, असलेला टी-शर्ट वर्षभर जास्त वापरला की नवीन एक वाचला.

पण हे आकडे घेऊन कोणाशी भांडायला जाऊ नका, कारण नुसत्या लिटरवरून सगळं कळत नाही. यातलं बरंचसं पाणी पावसाचं असतं, जे शेतात पडलं आणि पिकाने घेतलं. खरा घाव बसतो तो कोरड्या भागात नदीतून किंवा जमिनीखालून उपसलेल्या पाण्याचा. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं बघा, एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. १९६० नंतर आमू दर्या आणि सीर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि सरोवर आटत आटत तुकडे झाले, मासेमारीच्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या. कझाकस्तानने २००५ मध्ये उत्तरेला बांध पूर्ण केला तेव्हा तेवढ्या भागात पाणी चढलं, मासे परत आले, दक्षिणेचा बराचसा भाग वाळवंटच आहे.

मग घरातल्या १२ टक्क्यांची काळजी कशाला, असं कोणी विचारेल. कारण शहरात टंचाई येते तेव्हा आधी नळच कोरडे पडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली होती. लोकांनी आंघोळीचं पाणी धरून फ्लशला वापरलं, शेतीचं पाणीही कमी केलं, आणि शहराचा वापर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आला. धरणं आटली की शहराचे नळ बंद करायचे असं ठरलं होतं, तो दिवस पुढे पुढे ढकलला गेला आणि मग पाऊस आला. घराघरातल्या बादल्यांनी तेवढा वेळ मिळवून दिला.

एक गोष्ट घराबाहेरची. जगभरात नळयोजनांचं मोठ्या प्रमाणावर पाणी घरापर्यंत पोचायच्या आधीच गळतं. रस्त्यावर पाइप फुटलेला दिसला तर फोटो काढा, जवळची खूण आणि वेळ लिहा, पाणीपुरवठा खात्याकडे तक्रार करून तिचा नंबर घ्या. तीन दिवसांत कोणी आलं नाही तर तोच नंबर देऊन परत फोन करा, नवीन तक्रार करू नका, नाहीतर पहिली तशीच पडून राहते. आणि घरी दर महिन्याच्या १ तारखेला मीटरचा आकडा फ्रीजवरच्या कागदावर लिहा. वापर अचानक वाढलेला दिसला तर फ्लशच्या टाकीत परत रंग टाकून बघा.