प्लॅनवरून बाल्साचं आरसी विमान बनवायचंय? मग पहिले वजनकाटा घ्या

आरसी म्हणजे रिमोटवर उडणारं विमान, प्लॅन म्हणजे त्याचं खऱ्या मापाचं ड्रॉइंग अन बाल्सा म्हणजे फार हलकं लाकूड. ते लाकूड आणायच्या आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, विमान मजबूत नाही बनवायचं, हलकं अन सरळ बनवायचं. आपल्याकडे कोणी पाहायला आलं की पहिला प्रश्न हाच असतो, "भाऊ, मजबूत आहे ना?" आणि मग बनवणारा इथं थोडी प्लाय लाव, तिथं थोडं एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा ग्लू) ओत करत करत 1000 ग्रॅमचं विमान 1400 वर नेऊन ठेवतो. ते उडतं, नाही असं नाही, पण जड म्हणून वेगात उतरतं आणि वेगात उतरतं म्हणून मोडतं. तेव्हा आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा ऑनलाइन जो छोटा डिजिटल काटा मिळतो तो पहिले घ्या, बाकी हत्यारं नंतर.

प्लॅन निवडताना स्पिटफायरसारखी लढाऊ विमानं वगैरे सोडून द्या सध्या. पहिलं विमान म्हणजे पंख वर असलेला ट्रेनर (शिकायचं विमान), पंखाचा स्पॅन म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची लांबी 1.2 मीटरच्या आसपास, कॉर्ड म्हणजे पंखाची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, समजा 200 मिमी, आणि खालून जवळपास सपाट असणारा क्लार्क वाय एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार). याचं क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर होतं, विमान 1000 ग्रॅमचं झालं तर दर चौरस डेसिमीटरला साधारण 42 ग्रॅम. नवशिक्यानं 50 च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. असे प्लॅन नेटवर फुकट पीडीएफ मिळतात.

प्रिंट मात्र नीट काढा. आर्किटेक्ट अन इंजिनिअर लोकांची ड्रॉइंग काढून देणारी दुकानं असतात तिथं जा, एकास एक पाहिजे म्हणून सांगा, 'फिट टू पेज' बंद करायला लावा, आणि काउंटरवरच स्टीलची पट्टी लावून लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांनी मोजा, कारण प्लॉटरमधे कागद सरकतो त्या दिशेनं माप बदलू शकतं. दोन कॉप्या घ्या, एक कापायला आणि एक बोर्डवर अंथरायला, आणि दोन्ही एकाच दिवशी काढा. पावसाळ्यात कागद फुगतो बरं, जूनची कॉपी आणि ऑगस्टची कॉपी एकमेकीवर बसेलच असं नाही.

आता लाकूड. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो, लकडगंजचा अख्खा लाकूडबाजार पालथा घातला तरी मिळणार नाही, हॉबीच्या दुकानातून कुरिअरनंच मागवावा लागतो. शीट आल्या की एकेक काट्यावर ठेवा अन कोपऱ्यात पेन्सिलनं वजन लिहा. 3 मिमी जाडीची, 100 मिमी रुंद आणि 1 मीटर लांब शीट 30 ग्रॅम भरली तर ती हलकी, 45 च्या वर गेली तर कडक. एकाच पार्सलमधे दोन्ही निघतात आणि दिसायला सारख्याच असतात! हलकी शेपटीला, कडक स्पारला (पंखातली लांब आडवी काठी), मधली रिबांना (पंखाला आकार देणाऱ्या उभ्या पट्ट्या). शेपटीबाबत लय कंजूष व्हा, कारण शेपटी पंखापासून जितकी दूर असते त्यामानानं नाक फार जवळ असतं, शेपटीत 10 ग्रॅम जास्त गेले की बॅलन्ससाठी नाकात 25-30 ग्रॅम शिसं भरायची वेळ येते.

वजनासोबत ग्रेन म्हणजे लाकडाच्या तंतूंची ठेवणही बघा. शीट रुंदीच्या बाजूनं हलकेच वाकवून पाहा, सहज गोल वळली तर ती ए ग्रेन, पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळायला तीच पाहिजे. वळत नाही, ताठ राहते आणि उजेडात तिरकी धरली की पृष्ठभागावर बारीक चमकदार ठिपके दिसतात ती सी ग्रेन. रिबा त्याच्यातून काढा. सी ग्रेन जबरदस्तीनं वाकवायला गेलात तर तडकतेच.

बिल्डिंग बोर्डसाठी मात्र लकडगंजच कामाचं. फ्लश डोअरचा उरलेला तुकडा मागा, त्यावर अॅल्युमिनियमचा सरळ सेक्शन आडवा, उभा, तिरपा ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघा, दिसला तर दुसरा तुकडा. वरून नोटीस बोर्डचा सॉफ्टबोर्ड चिकटवा म्हणजे टाचण्या बसतात, त्यावर प्लॅन, प्लॅनवर पातळ पॉलिथिन. बोर्ड वाकडा तर पंख वाकडा, याला दुसरा इलाज नाही.

रिबा एकेक कापू नका. प्लायच्या दोन सारख्या रिबा बनवा, मधे बाल्साचे सगळे तुकडे रचून आरपार दोन 3 मिमीचे बोल्ट टाका अन लाकडाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून सगळा गठ्ठा एकदमच घासा, स्पारच्या खाचाही तेव्हाच काढा. सोडल्यावर सगळ्या रिबा सारख्या निघतात.

मग खालचा स्पार प्लॅनवर टाचण्यांनी बसवा (टाचणी स्पारच्या बाजूनं तिरपी मारा, मधून नाही, मधून मारली तर तिथूनच चिरतो), रिबा उभ्या करा, प्रत्येकीला गुण्या लावा, वरचा स्पार ठेवा. टोकाच्या तीन-चार रिबांकडे ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) हळूहळू उचलत शेवटी 5 मिमी वर न्या, याला वॉशआउट म्हणतात. वेग कमी झाला की पंखाचं टोक आधी स्टॉल होत नाही (उचल सोडत नाही) आणि विमान अचानक एका बाजूला गडगडत नाही. दोन्हीकडे सारखा पाहिजे.

खरी मजबुती कुठं येते सांगतो. वरचा आणि खालचा स्पार यांच्या मधे 1.5 मिमी बाल्साच्या पट्ट्या लावायच्या असतात, शिअर वेब, त्यांचा ग्रेन उभा पाहिजे, आडवा नाही. त्यानं काही ग्रॅमच वाढतात पण पंख कितीतरी जास्त भार घेतो. लोक हेच टाळतात आणि जाड स्पार टाकतात, काहून ते देव जाणे. दोन पंख जोडताना 3 मिमी प्लायचा ब्रेस एपॉक्सीनं लावा. एक पंख बोर्डवर सपाट दाबून ठेवला आणि दुसऱ्याचं टोक साधारण 105 मिमी उचललं की 600 मिमीच्या पंखाला दोन्ही मिळून 10 अंशांचा डायहेड्रल (पंखांचा वर जाणारा व्ही कोन) येतो, एलेरॉन (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या) नसलेल्या, म्हणजे मोटर अन शेपटीचे रडर-एलिव्हेटर एवढंच चालवणाऱ्या तीन चॅनलच्या विमानाला तेवढा पाहिजेच. एलेरॉन असतील तर प्लॅनमधे कमी असेल, तो पाळा.

ग्लूचं काम नागपुरात सीझन पाहून करावं लागतं. फेविक्विकसारखा सीए ग्लू हवेतल्या ओलाव्यानं सेट होतो, म्हणून मे मधे कोरड्या हवेत तो कधीकधी रेंगाळतो आणि जुलैत बोट सरकवायला वेळ देत नाही. फेविकॉलचं उलटं, मे मधे पंख्याखाली लावता लावता वरून साय धरते. सगळ्यात डेंजर आपला कूलर! बाहेर हाडं तापून राहिली म्हणून आपण कूलरच्या समोर बोर्ड मांडतो, अन त्या ओल्या हवेनं बाल्सा एका बाजूनं फुगून पंख पापडासारखा पिळतो. जोडलेला पंख रात्रभर टाचण्यांतच राहू द्या आणि कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका. ग्लू फटी भरायला नसतो हेही लक्षात ठेवा, जोड नीट घासून बसवा, ग्लू थेंबभरच.

बॉडीत फार लिहिण्यासारखं नाही, दोन्ही बाजू एकीवर एक ठेवून एकदमच कापा आणि फॉर्मर (बॉडीच्या आतल्या आडव्या चौकटी) लावताना प्लॅनवरच्या मधल्या रेषेवरून नजर हलवू नका. मोटर लागते ती नाकातली पाटी, फायरवॉल, प्लायची, एपॉक्सीनं, मागून त्रिकोणी पट्ट्या देऊन, आणि मोटरला 2-3 अंश उजवीकडे आणि तेवढाच खाली कल द्या. बघणारा म्हणेल वाकडी बसली, म्हणू द्या. पुशरॉडला (शेपटीच्या पट्ट्या ओढणारी काडी) सायकलची स्पोक झकास चालते, टोक झेडसारखं वाकवलं की काम झालं.

सांगाड्यावर चढवायची प्लॅस्टिकची फिल्म लावायला घरची इस्त्री चालते, तळाला जुना सुती मोजा चढवा, आधी तुकड्यावर तापमान बघा, पहिले खालची बाजू, मग वरची. फिल्म ताणताना पंख पिळला तर घाबरू नका, हातानं उलटा पिळा, तसाच धरा, कोणाला तरी इस्त्री फिरवायला लावा, थंड होईस्तोवर सोडू नका. रंगाचा विचार करा. उन्हाळ्यात आपलं आभाळ पांढुरकं असतं, पांढरा पंख त्यात गायब होतो, म्हणून खालून गडद लाल किंवा काळा आणि वरून पिवळा. गडद रंग वर घेतला तर उन्हात तापून फिल्म सैल पडते.

1 किलोच्या विमानाला 200 वॉटची मोटर भरपूर झाली, 3 सेलची 2200 एमएएचची बॅटरी, 30-40 अँपचा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट), 9 ग्रॅमचे सर्वो (पुशरॉड ओढणाऱ्या छोट्या मोटरी). पहिले रेंज चेक करा म्हणजे रिमोट दुरूनही चालतो का बघा, अन फेलसेफ लावा, सिग्नल गेला की मोटर बंद झाली पाहिजे. प्रोपेलर सगळ्यात शेवटी, टेबलावर सेटिंग करताना तो लावलेलाच नको.

बॅलन्स कॉर्डच्या 25 ते 30 टक्क्यांवर, म्हणजे 200 मिमीच्या पंखाला पुढच्या कडेपासून 50 ते 60 मिमी. पंखाखाली दोन्हीकडे 55 वर खूण करा, बॅटरी आत ठेवून दोन बोटांवर उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, तरी जमलं नाही तर शिसं भरा, पण तसं उडवू नका.

उडवायला ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळी बेस्ट. मे च्या दुपारी 45 अंशात हवा डिसेंबरच्या सकाळपेक्षा जवळपास 10 टक्के पातळ असते, तेच विमान जास्त वेगात उतरतं आणि वरून बम थर्मल (वर चढणारी गरम हवा). संक्रांतीच्या आसपास शहराजवळ नकोच, नायलॉन मांजा प्रोपेलरमधे गेला की संपलं. जागा ठरवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा. आपला विमानतळ शहरातच, सोनेगावला, शिवाय वायुसेनेचं मेंटेनन्स कमांड इथंच, त्यामुळे शहराचा मोठा भाग विनापरवानगी उडवण्यासारखा नाही. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ग्रीन झोनमधे (परवानगी न लागणारा भाग) 400 फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. शेत घेतलं तर मालकाला विचारून, सोयाबीन निघालेलं पाहा, पऱ्हाटीच्या शेतात उतरलं तर फिल्मच्या चिंध्या होतात.

पहिल्या फ्लाइटला वाऱ्याकडे तोंड करून फेका किंवा पळवा, थ्रॉटल पाऊण, दोन विमानं मावतील एवढी उंची आली तरी घाई करून वळवू नका, अजून चढू द्या, मग ट्रिम करा, म्हणजे रिमोटच्या बारीक बटनांनी विमान सरळ उडेल असं लावा. नाक सारखं वर जात असेल आणि थ्रॉटल कमी करताच शांत होत असेल तर मोटरचा खालचा कल कमी आहे, एलिव्हेटर ट्रिमनं ते झाकू नका, वॉशर टाका. उतरल्यावर ट्रिमचं बटन जितकं सरकलं तितकी पुशरॉडची लांबी फिरवून बटन परत मधे आणा, आणि बॅटरी घरी जाऊन दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा, गाडीच्या डिक्कीत उन्हात विसरू नका.