नकाशांच्या कॅटलॉगमध्ये शोधताना परवानग्या कशा लावाव्यात

समजा, सोलापूर जिल्ह्याच्या नकाशांचा कॅटलॉग तुम्ही जिओनेटवर्कवर (नकाशांच्या नोंदी ठेवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर) चालवताय. ११ तालुक्यांच्या सीमा, उजनीचे कालवे सगळ्यांना खुले. पण नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या घरट्यांच्या जागा? माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. ती जागा कुणालाही सापडली तर काय, हे सांगायला नको.

आधी प्रत्येक नोंदीसाठी, म्हणजे एकेका नकाशाच्या माहितीसाठी, ठरवा: कोणाला दिसेल आणि कोण डाउनलोड करेल. जिओनेटवर्कमध्ये या दोन परवानग्या गटागटाने वेगळ्या देता येतात. विहिरींच्या सर्वेक्षणाची माहिती सर्वांना दिसू द्या, फाइल मात्र सर्वेक्षणाच्या गटालाच मिळू द्या. घरट्यांची नोंद अभ्यासकांच्या गटापुरतीच.

आता शोध. जिओनेटवर्कचा स्वतःचा शोध परवानग्या पाहूनच निकाल देतो. पण तुम्ही स्वतःचं शोधपान बांधून थेट इलास्टिकसर्चला (जिओनेटवर्कच्या मागचं शोध-इंजिन) विचारत असाल, तर गटाची अट सर्व्हरवरच मूळ क्वेरीत, म्हणजे शोधाच्या मागणीतच, घाला. मी एकदा आधी निकाल मागवून मग नको त्या नोंदी गाळल्या होत्या. वर ‘१० नोंदी’, खाली दिसतात ७. तीन लपवल्यात हे कुणीही ओळखेल!

बाजूच्या कीवर्डच्या यादीतले आकडेही त्याच गाळलेल्या निकालांवरून मोजा. नाहीतर ‘माळढोक (१)’ दिसतं आणि क्लिक केलं की पान रिकामं. टाइप करताना येणाऱ्या सूचनांचंही तेच.

सगळ्यात जास्त फसवते ती नकाशावरची चौकट, म्हणजे नोंद कुठल्या भागाची आहे ते दाखवणारा आयत. नोंद दाखवायची पण जागा नाही, असं असेल तर चौकट अख्ख्या उत्तर सोलापूर तालुक्याची द्या. अक्षांशाचा ०.००१ अंश म्हणजे जेमतेम ११० मीटर. तेवढी चौकट दिली की पत्ताच हातात दिला. नोंदीसोबतचं नकाशाचं छोटं चित्रही तपासा, त्यात घरट्यांचे ठिपके असतात.

कॅटलॉगमधून नोंद लपवली म्हणून जिओसर्व्हरवरचा (प्रत्यक्ष नकाशे वेबवर पुरवणारं वेगळं सॉफ्टवेअर) लेयर, म्हणजे तो नकाशाच, बंद होत नाही. त्याला तिथे वेगळं कुलूप घाला.

शेवटी तपासणी. लॉगिनशिवाय, मग दुसऱ्या गटाच्या लॉगिनने, मग अभ्यासकाच्या लॉगिनने ‘माळढोक’ शोधा. लपवलेल्या नोंदीची लिंक थेट उघडून पाहा. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर नोंद आहे हे कबूल केल्यासारखंच. तिथे ‘नोंद सापडली नाही’ एवढंच यायला हवं.