डोंगरी जंगलातलं अभयारण्य: कमी चाला, जास्त बघा

उष्ण कटिबंधातल्या डोंगरी जंगलात प्राणी-पक्षी बघायला निघालात, तर परवाना, मुक्काम, रेनकोट, टॉर्च हे सगळं तुम्ही बघितलं असेल असं धरून चालतो. तारीख ठरवताना मात्र अभयारण्याचे नियम आधी वाचा. केरळच्या एरविकुलममध्ये निलगिरी ताहर या रानबकरीच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पर्यटकांना प्रवेश बंद असतो. युगांडातल्या ब्विंडीत गोरिलांच्या एका कळपाजवळ दिवसाला जास्तीत जास्त ८ पर्यटक जातात, तेही एका तासापुरते. आयत्या वेळी जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. तेव्हा ‘उष्ण कटिबंध’ वाचून फक्त सुती शर्ट भरू नका.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दुकानदार १० बाय ४२ गळ्यात मारेल, घेऊ नका. दाट झाडीत उजेड आधीच कमी, त्यात मोठ्या पटीची दुर्बीण तो आणखी कमी करते. शिवाय हात जरा हलला की पक्षी गायब.

उजाडताना जंगलात असा. दिवस तापला की दमट हवा उतारावरून वर सरकते आणि दुपारपर्यंत ढग झाडांत उतरतात. मग समोरचं झाडही धड दिसत नाही.

आता खरा अवघड भाग: उभं राहणं. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे शिकायलाच. ‘जितकं आत जाल तितकं जास्त दिसेल’ हा सल्ला मोकळ्या माळावर ठीक असेल, इथे साफ चुकीचा आहे. इथे नजर जेमतेम वीस-तीस पावलांवर अडते आणि तुमच्या पावलांचा आवाज त्याच्या कितीतरी पुढे पोचतो. म्हणजे तुम्ही चालत असता तेव्हा प्राणी तुमच्या पुढे पुढे सरकत असतात, एवढंच.

थांबायचं कुठे, हे वाटाड्याला विचारा. पण ‘बिबट्या कुठे दिसेल?’ असं नको. ‘सध्या कुठलं झाड फळलंय?’ असं विचारा. केरळच्या सायलेंट व्हॅलीतली सिंहपुच्छ माकडं कुलेनियाच्या झाडांवर येतात, कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्डेचा क्वेत्झाल पक्षी रानटी अव्होकाडोच्या फळांवर. झाड सापडलं की निम्मं काम झालं. तेही नसेल तर ओढ्याकाठ किंवा झाड कोसळून उजेड पडलेली जागा धरा.

उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभे राहा. खालच्या झाडाचा शेंडा थेट डोळ्यांसमोर येतो आणि मान मोडत नाही. सपाटीवरच्या जंगलात ही सोय मिळत नाही, तरी निम्मे लोक डोंगरात जाऊनही बुंध्याशीच उभे राहून वर बघत बसतात.

मग किमान अर्धा तास हलायचं नाही. एकाच फांदीवर टक लावू नका, नजर सैल ठेवा. वारा नसताना हललेलं पान शोधा. हालचाल दिसली की डोळे तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. आधी दुर्बीण लावून मग शोधाशोध केली की हाती पानंच लागतात.

बराच वेळ काहीच नसतं आणि अचानक मिश्र थवा येतो: वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र कीटक टिपत पुढे जातात. पाच मिनिटांत खेळ खलास. त्या वेळी पुस्तक उघडू नका, फोटोमागे धावू नका. एक पक्षी धरा, तो चोचीपासून शेपटीपर्यंत नीट बघा, मग दुसरा. नाव नंतर शोधता येतं.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांबरोबर मी जात नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी खाणं, पिल्लं सोडून भांडायला येतो, तुमच्या एका फोटोपायी. आणि ते लष्करी छापाचे कपडेही नकोत. साधे मळकट रंग पुरेत. कुरकुरणारा प्लॅस्टिकचा रेनकोट त्याहून जास्त घात करतो.

आशियातल्या ओल्या जंगलात उभं राहिलं की जळवा येणारच. पायांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वास त्यांना कळतो. पाचोळ्यात न थांबता खडकावर उभे राहा, जळूमोजे (जळवा आत शिरू न देणारे घट्ट विणीचे लांब मोजे) घाला. चिकटलीच तर तोंडाकडच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून सोडवा. मीठ किंवा विडीचा चटका नको, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. नंतर बराच वेळ रक्त वाहतं, कारण तिची लाळ रक्त गोठू देत नाही. घाबरू नका, धुऊन दाबून धरा.

परतल्यावर बुटांचा चिखल खरवडून, धुऊन ते पूर्ण वाळवा, आणि मगच पुढच्या जंगलात जा. ओल्या चिखलातून कायट्रिड ही बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी पसरते. मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या डोंगरी जंगलांत तिने बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत.