फोटोबुक ऑर्डर करताय? आधी या चुका टाळा

फोटोबुक हातात आल्यावर जे बिघडलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा एडिटर, म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, उघडण्याच्या आधीच बिघडलेलं असतं. थीम कोणती, बॉर्डर कशी, मागे फुलं हवीत की ठिपके, यावर घरात तासन्‌तास चर्चा होते आणि फोटो मात्र मिळतील तिथून, मिळतील तसे गोळा केले जातात. मग पुस्तक येतं आणि आजीचा चेहरा धूसर, काकांचा अर्धा कान बाइंडिंगमध्ये गेलेला, आणि शेवटच्या पानावर धाकट्या भाच्याचं नावच चुकलेलं. छापणाऱ्याला दोष देऊन उपयोग नसतो. त्याच्याकडे जे गेलं तेच त्याने छापलेलं असतं. म्हणून या लेखात सजावटीबद्दल फारसं काही नाही. जोर आहे तो फोटो गोळा करण्यावर आणि ऑर्डरचं बटण दाबण्याआधीच्या तपासणीवर.

व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेले फोटो

सगळ्यात जास्त पुस्तकं इथे फसतात. घरच्या ग्रुपवर आलेला फोटो मोबाइलवर छान दिसतो, पण नेहमीच्या पद्धतीने पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो बराच लहान करतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, २०० ला सहसा निभावून जातं. आता हिशोब करा. ८ इंची चौकोनी पुस्तकात १६०० बाय १२०० चा फोटो पूर्ण पानावर घातला, तर चौकोनात बसवताना उरतात १२०० बाय १२००, म्हणजे इंचाला फक्त १५०. तोच फोटो ज्या फोनमधून काढला त्या फोनमध्ये ४०३२ बाय ३०२४ चा असेल, तर त्याच पानावर इंचाला ३७८ मिळतात. फोटो तोच, फरक फक्त तो तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने आला याचा.

उपाय सोपा आहे, पण पाठपुरावा करावा लागतो. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, किंवा ड्राइव्हवर एक फोल्डर करून लिंक द्या आणि सगळ्यांना त्यात टाकायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपचा एचडी पर्याय नेहमीच्या पाठवण्यापेक्षा बरा, तरी मूळ फाइल नव्हे. मावशी म्हणेल, “अगं पाठवलेत की तुला सगळे ग्रुपवर!” तिला पुन्हा एकदा समजावून सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. स्क्रीनशॉट आणि सोशल मीडियावरून उतरवलेले फोटो याच जातकुळीतले.

यात एक छुपी अडचणही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फिरलेल्या फोटोमधून तो कधी काढला ही नोंद पुसली जाते. त्यामुळे एडिटरमध्ये ‘तारखेनुसार लावा’ म्हटलं की पाच वर्षांपूर्वीची सहल कालच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसते. फाइलच्या नावापुढे स्वतःच ००१, ००२ असे आकडे घाला आणि नावानुसार लावा. कुणाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लागलेलं असेल तरी हाच उपाय.

क्लाउडवर फोटो ठेवणाऱ्यांनी एवढंच बघावं, की फोनमध्ये दिसतोय तो पूर्ण फोटो आहे की जागा वाचवायला ठेवलेली छोटी प्रत. शंका असेल तर संगणकावरून मूळ फाइल उतरवून घ्या. गुगल फोटोजच्या ‘स्टोरेज सेव्हर’ला मात्र उगाच घाबरू नका, त्यात १६ मेगापिक्सेलपर्यंतचा आकार राहतो आणि घरगुती पुस्तकाला तो भरपूर झाला.

आयफोनचे फोटो अपलोडच होत नसतील, तर बहुधा ते एचईआयसी फॉरमॅटमध्ये आहेत. २०१७ पासून आयफोन सहसा याच फॉरमॅटमध्ये फोटो साठवतो आणि काही छपाई सेवा तो घेत नाहीत. ते जेपेगमध्ये बदलून घ्या. सेटिंगमध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं तर पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील; आधीचे आपोआप बदलत नाहीत.

जुन्या अल्बमचे फोटो

कुटुंबाच्या पुस्तकात खरा जीव याच पानांत असतो, आणि घाईही इथेच होते. अल्बमच्या प्लॅस्टिकवरूनच मोबाइलने फोटो काढला, की त्यात ट्यूबलाइटची रेघ, तुमच्या हाताची सावली आणि थोडा तिरपेपणा असं सगळं येतं. पडद्यावर ते खपतं, पानभर छापलं की तेच आधी दिसतं. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर मिळत असेल तर तोच वापरा.

किती डीपीआयला, म्हणजे इंचाला किती ठिपके धरून स्कॅन करायचं हे मूळ फोटो किती मोठा आहे आणि किती मोठा छापायचा आहे यावर ठरतं. आजोबांचा २ इंची पासपोर्ट फोटो ३०० ला स्कॅन केलात तर हाती लागतात ६०० पिक्सेल. तो ६ इंच मोठा छापला की इंचाला १००, म्हणजे धुकं. तोच १२०० ला स्कॅन केला तर २४०० पिक्सेल मिळतात आणि काम होतं. ४ बाय ६ च्या नेहमीच्या प्रिंटला ६०० पुरे. चिकट पानाच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल तर ओढून काढू नका, अख्खं पान स्कॅन करा आणि नंतर कापून घ्या. स्कॅनरची काच आधी पुसा. फोटो ओल्या फडक्याने पुसायचा मोह टाळा, वरचा थर सुटून येऊ शकतो.

आणि हो, जुना चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी ती अ‍ॅप्स. धूसर फोटोत जी माहिती मुळात नाहीच, ती हे सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. निकाल गुळगुळीत आणि देखणा येतो, फक्त पणजोबांच्या जागी भलताच माणूस बसलेला असतो. ज्यांनी त्यांना पाहिलंय अशा कुणाला तरी दाखवल्याशिवाय असा फोटो पुस्तकात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. थोडा धूसर चालेल, पण माणूस तोच हवा.

पिवळा त्रिकोण

फोटो लहान पडतोय म्हणून एडिटर जो इशारा दाखवतो, तो चौकटीच्या आकाराशी बांधलेला असतो. चौकट लहान केली की तो जातो, आणि बहुतेक वेळा तेच योग्य उत्तर असतं. फोटो दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ताणून मोठा केला तरीही तो जातो, पण मग फसवणूक आपलीच. उलट बाजूही लक्षात ठेवा: इशारा नाही म्हणजे फोटो चांगला असं नाही. हललेला फोटो, फोकस चुकलेला फोटो, रात्रीचा दाणेदार फोटो या कशाबद्दलच तो काही सांगत नाही. तो फक्त पिक्सेल मोजतो. प्रत्येक मोठा फोटो संगणकावर १०० टक्के झूम करून डोळ्यांकडे बघा.

मधला सांधा आणि कडा

फोनचा फोटो सहसा ४:३, कॅमेऱ्याचा ३:२. चौकोनी चौकटीत पहिल्याचा चौथा हिस्सा कापला जातो आणि दुसऱ्याचा तिसरा. आपोआप मांडणी करून घेतली की हे कापणं सॉफ्टवेअर ठरवतं आणि ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या माणसाला घालवतं. घरात यावरून रुसवे होतात, तेव्हा ग्रुप फोटो हाताने लावा.

दोन पानांवर पसरलेला फोटो साध्या बाइंडिंगमध्ये मधोमध घडीत जातो. तिथे समुद्र, आकाश, भिंत काहीही चालेल, चेहरा नको. मोठे ग्रुप फोटो असे पसरवायचेच असतील तर सपाट उघडणारं, म्हणजे लेफ्लॅट बाइंडिंग घ्या. साध्या बाइंडिंगमध्ये पहिलं पान एकटं उजवीकडे येतं हेही बघा; तिथून पसरट फोटो सुरू करता येत नाही.

छापल्यावर कागद कडेने कापतात आणि कापणी एखाद मिलिमीटर सरकू शकते. म्हणून पानभर फोटो कडेच्या थोडा बाहेरपर्यंत, बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटर, जाऊ द्यायचा असतो, आणि मजकूर कडेपासून पुरेसा आत ठेवायचा असतो. कडेला बारीक बॉर्डर काढूच नका. कापणी जरा सरकली की एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने गायब. हार्डकव्हरचा फोटो तर पुठ्ठ्यावरून मागे वळवून चिकटवतात, त्यामुळे तिथे आणखी जास्त जागा सोडा.

मराठी ओळी तुटतात तेव्हा

याबद्दल फार कमी लिहिलं जातं. फोटोखाली ‘स्मिताचा पहिला वाढदिवस’ असं लिहिलं आणि एडिटरला देवनागरी नीट जुळवता येत नसेल, तर ‘स्मि’मधला स पाय मोडून वेगळा उभा राहतो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते आणि ‘वर्ष’चा रफार भलत्याच अक्षरावर बसतो. कधी नुसते रिकामे चौकोन. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे पडद्यावर सगळं बरोबर दिसतं आणि छपाईच्या फाइलमध्ये तुटतं, कारण पडद्यावरची अक्षरं ब्राउझर जुळवतो आणि छपाईची फाइल वेगळंच सॉफ्टवेअर बनवतं. सेवा पीडीएफ प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना फाइल, देत असेल तर ते उतरवून जोडाक्षरं एकेक करून वाचा.

फॉन्टच्या यादीत नोटो, मुक्ता, बालू असा देवनागरी असलेला फॉन्ट दिसला तर तोच निवडा. तरीही तुटत असेल तर हमखास चालणारा मार्ग असा: ओळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी चित्र बनवा आणि ते फोटोसारखं पानावर ठेवा. ६ इंच रुंद ओळीसाठी चित्र १८०० पिक्सेल रुंद करा. इथे जेपेग नको. अक्षरांच्या कडेला घाण दिसते आणि पार्श्वभूमी पारदर्शक राहत नाही. जुन्या, युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटेल. तो पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही.

नावं आणि तारखा तपासायला घरातली दुसरी व्यक्ती बसवा. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

फोटो काळपट येतात

पडद्याला मागून प्रकाश असतो, कागदाला नसतो. म्हणून छापलेला फोटो नेहमी जरा गडद वाटतो. फोटो सुधारताना पडद्याची चमक निम्म्यावर आणा, रात्रीचा पिवळसर मोड बंद करा, आणि मग चेहऱ्यावरची सावली थोडी उजळा; अख्खा फोटो उजळलात तर आकाश पांढरं फटक पडेल. सेवेचं आपोआप सुधारणारं बटण चालू आहे का तेही बघा. तुम्ही फोटो आधीच सुधारले असतील तर ते बंद करा, नाहीतर एकाच फोटोवर दोनदा हात फिरतो आणि गाल लालबुंद होतात. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत साठवा. मोठी ऑर्डर असेल तर त्याच सेवेकडून सगळ्यात छोटं पुस्तक आधी मागवून बघणं परवडतं.

काळ्या रंगाची चकचकीत पानं बोटांचे ठसे फार दाखवतात. लहान मुलं हाताळणार असतील तर मॅट घ्या.

एडिटर अडकला, काम गेलं

एकच पुस्तक दोन टॅबमध्ये उघडलं, की शेवटी सेव्ह झालेली प्रत आधीचं काम पुसू शकते. एका वेळी एकच टॅब. अपलोड मध्येच थांबत असेल तर फोटो थोडे थोडे चढवा. अर्धवट पुस्तक किती दिवस ठेवतात हे सुरुवातीलाच बघून घ्या, कारण एका सेवेवर बनवलेलं पुस्तक दुसरीकडे जसंच्या तसं नेता येत नाही. सेवा बंदही पडतात; अ‍ॅपलने आपली फोटोबुक छपाई २०१८ मध्ये बंद केली. निवडलेले मूळ फोटो क्रमाने एका फोल्डरमध्ये आणि प्रूफची पीडीएफ आपल्याकडे असू द्या; उद्या चुलत भावाला तेच पुस्तक हवं असलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही.

पुस्तक आलं की त्याच दिवशी पानन्‌पान उलटून बघा. पट्टे उमटलेत, पान उलटं लागलंय, कोपरा चेपलाय, तर ही छपाईची किंवा पाठवणीची चूक आहे आणि बऱ्याच सेवा पुस्तक पुन्हा छापून देतात. धूसर फोटो किंवा चुकलेलं नाव यासाठी ते सहसा देत नाहीत, आणि खास तुमच्यासाठी छापलेली वस्तू म्हणून परतही घेत नाहीत. तक्रारीला मुदत असते. दिवसाच्या उजेडात दोषाचे जवळून फोटो काढा, पान क्रमांक लिहा, बाहेरच्या खोक्याचाही एक फोटो जोडा आणि निकाल लागेपर्यंत खोकं टाकू नका.