ग्रीन टी चॉकलेट मफिन: रंग उडतो, चव कडवट होते, चॉकलेट बुडतं... या चुका टाळा

माझ्या पहिल्या खेपेचे मफिन ओव्हनमधून बाहेर आले ते खाकी रंगाचे. एक कापून पाहिला तर आत ठिकठिकाणी गडद हिरव्या गाठी आणि चॉकलेटचे सगळे तुकडे तळाशी जमलेले. कृती तर शब्दन् शब्द पाळली होती. आणखी चार-पाच खेपा वाया घालवल्यावर कळलं की या पदार्थात घटकांचंच आपापसात जमत नाही. मफिनचं मिश्रण जितकं कमी ढवळाल तितकं बरं, पण माचा, म्हणजे खास ग्रीन टीच्या पानांची अगदी बारीक पावडर, घोटल्याशिवाय मिसळत नाही. मफिनला फुगायला कडक आच हवी, आणि हिरवा रंग त्याच आचेने मरतो. चॉकलेट घालताना हात सैल सुटला तर चहाची चवच लागत नाही. खालच्या बहुतेक चुका याच तीन भांडणांतून आल्या आहेत.

बोलायला एक माप समोर असलेलं बरं. मध्यम आकाराच्या 12 मफिनसाठी मी मैदा 250 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, माचा 10 ते 12 ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, 2 अंडी, दूध 180 मिली, बिनवासाचं तेल 100 मिली आणि चॉकलेट 150 ग्रॅम घेते. पुढे जे सांगते आहे ते या मापाला धरून.

पावडरच चुकीची आणली

ग्रीन टीची पिशवी फाडून आतली पानं मिक्सरमध्ये फिरवली की माचा होतो, असं पुष्कळांना वाटतं. मीही करून पाहिलं आहे. दाताखाली भुसा लागतो आणि रंग सुकलेल्या गवताचा येतो. माचासाठी चहाची झुडपं खुडणीआधी साधारण तीन ते चार आठवडे सावलीत ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि तुरटपणा कमी राहतो. मग पानं वाफवून वाळवतात, देठ-शिरा काढून टाकतात आणि उरलेला भाग जात्यावर अगदी मऊ दळतात. ही सगळी मेहनत साध्या ग्रीन टीच्या पानांत नसते, त्यामुळे ती कितीही बारीक केली तरी माचा होत नाही.

पाकिटावर ‘ग्रीन टी पावडर’ लिहिलेलं असलं तर घटकांची यादी वाचा. काही पाकिटांत साखर आणि दूध पावडर मिसळलेली असते. ते पेय म्हणून ठीक आहे, मफिनमध्ये मात्र गोडी वाढते आणि रंग येतच नाही. ‘सेरेमोनियल’ (नुसता पिण्यासाठीचा) आणि ‘कलिनरी’ (स्वयंपाकात वापरायचा) या शब्दांना कुठलंही अधिकृत प्रमाण नाही, जो तो आपल्या सोयीने छापतो. महागातला सेरेमोनियल माचा केकमध्ये घालणं मला तरी उधळपट्टी वाटते. त्याची नाजूक चव साखर आणि चॉकलेटसमोर टिकत नाही. त्यापेक्षा चिमूटभर पावडर पांढऱ्या कागदावर बोटाने घासून पाहा. रेघ ताजी हिरवी उमटली तर घ्या. पिवळट किंवा शेवाळी उमटली तर ती भाजल्यावर आणखी मळकट होणार, हे नक्की.

डबा उघडल्यावर उजेड, हवा आणि ऊब या तिघांपासून पावडर जपावी लागते. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. फ्रिजमधून काढल्या काढल्या झाकण उघडू नका. आत दव धरतं आणि गुठळ्यांची सुरुवात तिथेच होते.

हिरव्या गाठी आणि चिवट मफिन

या दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण एकाच चुकीतून येतात. मैदा आणि माचा एकत्र केले, त्यावर दूध-अंडं ओतलं, आणि मग दिसलं की हिरवे ठिपके राहिलेत. ते जावेत म्हणून आपण ढवळत बसतो. ठिपके जातात, पण तोवर मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे चिवटपणा आणणारं प्रथिन, ताणलं गेलेलं असतं. मफिन वर टोकदार होतो, आत बोगद्यासारख्या लांबट पोकळ्या पडतात आणि तुकडा मोडायच्या ऐवजी ताणला जातो. उलट, ढवळणं वेळेवर थांबवलं तर घास घेताना मध्येच कडू गाठ फुटते.

माचाची पावडर इतकी बारीक असते की कण एकमेकांना चिकटून राहतात. कोरड्या मैद्यात चमच्याने फिरवल्याने त्या गाठी सुटत नाहीत, मैद्यात लपतात एवढंच. म्हणून माचाचं सगळं घोटणं मैदा ओला होण्याआधी उरकून घ्यायचं. यासाठी मी दोनपैकी एक रीत वापरते. पहिली रीत अशी: माचा बारीक जाळीच्या चाळणीतून, चहा गाळायची गाळणीही चालते, थेट साखरेत चाळायचा आणि व्हिस्कने मिनिटभर फिरवायचा. साखरेचे दाणे गाठी फोडतात. दुसरी रीत: मापातल्या तेलातलंच दोन-तीन मोठे चमचे तेल घेऊन त्यात चाळलेला माचा पेस्टसारखा घोटायचा, मग उरलेलं तेल, अंडी आणि दूध त्यात थोडंथोडं घालत जायचं. मला दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते. रंग एकसारखा येतो आणि मिश्रणात किती हिरवेपणा आहे ते आधीच दिसतं.

त्यानंतर मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून घ्या, वर हे हिरवं मिश्रण ओता आणि स्पॅचुलाने खालून वर, खालून वर असं दहा-बारा वेळा उलटा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात मागे घ्या. मैद्याच्या लहानसहान गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या भाजताना विरतात. माचाच्या गुठळ्या विरत नाहीत. इलेक्ट्रिक बीटर या टप्प्यावर कपाटातच असू द्या.

दूध आणि अंडी फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. तेलाऐवजी वितळलेलं लोणी वापरत असाल तर हे विसरून चालणारच नाही, कारण गार दूध लागलं की लोण्याचे गोळे होतात आणि ते मोडायला परत ढवळणं आलं.

हिरवा रंग गेला कुठे?

हरितद्रव्य म्हणजे क्लोरोफिल. त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की तो निसटतो आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. पालेभाजी जास्त शिजली की जे होतं, तेच. भाजताना थोडा रंग जाणारच, तो अडवता येत नाही. पण आंबट घटक आपण हाताने घालत असतो. दही, ताक, लिंबाचा रस आणि ब्राऊन शुगर या मफिनमध्ये मी टाळते. ब्राऊन शुगरमधल्या काकवीचा स्वतःचा रंगही हिरव्यावर बसतो.

मग सोडा जास्त घालून आंबटपणा मारावा का? अजिबात नको. जास्तीच्या सोड्याने साबणासारखी चव येते, शिवाय चहातले पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारी द्रव्यं) अल्कधर्मी मिश्रणात तपकिरी होतात. म्हणजे एका बाजूने रंग वाचवायला जावं आणि दुसऱ्या बाजूने घालवावा. साधं दूध आणि बेकिंग पावडर ही जोडी सगळ्यात सुरक्षित.

अंड्याशिवाय करणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण बिनअंड्याच्या बऱ्याच कृती दही आणि सोड्यावर उभ्या असतात. दही वापरलंत तर रंग थोडा ऑलिव्हकडे झुकेल हे गृहीत धरा, आणि सोडा पाव छोट्या चमच्याच्या वर नेऊ नका. कंडेन्स्ड मिल्कची कृती रंगाला बरी पडते, पण त्यातल्या साखरेने आणि दुधाने वरचा पापुद्रा लवकर लालसर होतो. ओव्हनवर नजर ठेवावी लागते.

पिवळंधमक लोणी आणि गडद बलकाची अंडीही हिरव्याला पिवळट करतात. म्हणून मी तेलावर आले.

खरा खेळ ओव्हनच्या तापमानाचा आहे. एरवी मफिनला छान घुमट यावा म्हणून सुरुवातीला 210-220 अंश देतात. माचाला एवढी आच सोसत नाही, कडा तपकिरी होतात. सुरुवातीपासून 160 ठेवलं तर रंग राहतो, पण मफिन सपाट बसतो. मी मध्यममार्ग काढला आहे: ओव्हन 190 ला पूर्ण तापवायचा, मफिन आत गेल्यावर 5-6 मिनिटं तेच तापमान, मग 170. एकूण 18 ते 20 मिनिटं. बाराव्या मिनिटानंतर वरचा भाग घट्ट झालेला दिसला की वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर पसरायचं. ओव्हन लहान असेल आणि वरची सळई जवळ असेल तर फॉइल हवंच, आणि ट्रे एक खाच खाली. पंखा चालू असेल तर दहा-पंधरा अंश कमी करा. काळ्या पत्र्याच्या साच्यात तळ लवकर भाजतो, तिथेही हाच नियम. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. आत टांगायचा साधा थर्मामीटर घेतल्यावर माझा ओव्हन किती खोटं बोलतो ते मला कळलं.

कडवट, तुरट, गवताळ

रंग आला नाही म्हणून माचा वाढवत नेणं ही इथली नेहमीची चूक. अति तेथे माती. मैद्याच्या वजनाच्या 4 ते 5 टक्के माचा पुरतो. त्यापुढे रंगात फारसा फरक पडत नाही, तुरटपणा मात्र चढत जातो. चमच्याने मोजण्यापेक्षा वजन करा, कारण ही पावडर कधी फुललेली तर कधी दाबलेली असते आणि एकच चमचा दर वेळी वेगळा भरतो. मीठ विसरू नका, चिमूटभर मिठाने कडवटपणा दबतो. आणि जुन्या पावडरीचा वास झाकायला व्हॅनिला ओतत राहू नका. त्या पावडरीला निरोप द्या.

चॉकलेट बुडतं, चहा हरवतो

तुकडे तळाशी जातात ते बहुधा मिश्रण पातळ झाल्यामुळे. स्पॅचुला उचलल्यावर मिश्रण धारेसारखं ओघळलं तर ते पातळ आहे. जड लगद्यासारखं सावकाश, थबकत पडायला हवं. तुकडे मैद्यात घोळवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने थोडं साधतं, पण पातळ मिश्रणात घोळवलेले तुकडेही बुडतात. तुकडे वाटाण्याएवढे लहान ठेवा. दोन तृतीयांश मिश्रणात उलटा आणि उरलेले साच्यात भरल्यावर वरून टोचा. आणखी एक युक्ती: प्रत्येक साच्यात आधी एक चमचा बिनचॉकलेटचं मिश्रण घाला, मग उरलेल्यात चॉकलेट मिसळून भरा. तळाला चिकटण्याचा प्रश्नच मिटतो.

कुठलं चॉकलेट घ्यावं यावर माझं मत ठाम आहे. व्हाइट चॉकलेट माचाच्या तुरटपणाला सांभाळून घेतं. मात्र ते स्वतः फार गोड, तेव्हा साखर 20-30 ग्रॅम कमी करा. वरून टोचलेले तुकडे लवकर करपतात, कारण त्यात दुधाची पावडर असते. ते थोडे आत दाबा. डार्क हवंच असेल तर 50-55 टक्के कोकोचं घ्या आणि प्रमाण 100 ग्रॅमवर आणा. सत्तरीच्या पुढचं चॉकलेट आणि माचा, दोन्ही कडू. एकाच घासात दोघांचं ऐकू येत नाही. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. कोको बटर साधारण 34 अंशाला, म्हणजे तोंडाच्या उबेलाच वितळतं. कंपाउंडचा पुष्कळदा टाळूला मेणासारखा थर बसतो.

मफिन झाला की नाही हे पाहताना चॉकलेट फसवतं. टूथपिकला वितळलेलं चॉकलेट लागतं, आपल्याला वाटतं कच्चं आहे, आणि आणखी पाच मिनिटं ठेवून आपणच ते कोरडं करतो. दोन जागी टोचून पाहा, वर बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर झालं.

दोन रंगांचे करताना

अर्धा हिरवा, अर्धा कोकोचा असा मफिन देखणा दिसतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळं मिश्रण तयार करून मग निम्म्यात माचा आणि निम्म्यात कोको घोटायला घेणं. परत तेच चिवटपण. मैदा सुरुवातीलाच दोन भांड्यांत वाटून घ्या आणि माचा व कोको कोरड्यातच चाळून मिसळा. कोको ओल जास्त शोषतो, त्या बाजूला दूध एक-दीड मोठा चमचा वाढवा, नाहीतर एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल होते. साच्यात भरल्यावर काडीने दोनच वळसे द्या. तिसऱ्या-चौथ्या वळशाला नक्षी जाऊन चिखल होतो.

बाहेर काढल्यावर

मफिन साच्यात पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. साच्यातच विसरलात तर वाफेने बूड ओलसर होतं. कागद गरम असताना सोलायला गेलात तर निम्मा मफिन कागदालाच राहतो. डबा उजेडात ठेवू नका, कापलेल्या बाजूचा हिरवेपणा लवकर फिका पडतो. फ्रिजमध्येही नको, तिथे मफिन लवकर शिळवटतो. दोन दिवसांत संपणार नसतील तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, दीड-दोन महिने चांगले राहतात.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. या मापाने प्रत्येक मफिनमध्ये साधारण 1 ग्रॅम माचा जातो, म्हणजे ढोबळमानाने 20 ते 45 मिलिग्रॅम कॅफिन, आणि डार्क चॉकलेटचं वेगळं. रात्री जेवणानंतर मुलांच्या हातात दोन मफिन दिलेत तर त्यांच्याबरोबर जागायची तयारी ठेवा.