मिश्ना वाचायला घेताय? आधी थर वेगळे करा

तोरा म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, मिश्ना म्हणजे यहुदी रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) नियमांचा संग्रह, ती इ.स. २००च्या सुमारास यहूदा हा-नासीने संकलित केली, तिचे सहा विभाग आणि ६३ प्रकरणग्रंथ आहेत, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ज्या खड्ड्यात मी पडले आणि माझ्या मागून आलेले बहुतेक जण पडतात, त्याबद्दलच बोलते.

आपल्याकडचे बरेच जण कायदा किंवा संस्कृत शिकून इकडे वळतात. याज्ञवल्क्यस्मृती आणि मिताक्षरा डोक्यात पक्की बसलेली असते: वर श्लोक, खाली टीका. मग मिश्ना उघडली की नजर वरचं वचन शोधायला लागते. मिश्ना ही तोरावरची टीका नाही. ती बहुतेक वेळा वचनाचं नावही न घेता थेट नियम सांगते, आणि आपण ते वचन मनानेच वर चिकटवून टाकतो.

बावा कम्मा या नुकसानभरपाईवरच्या प्रकरणग्रंथाचा आठवा अध्याय घ्या. दुसऱ्याला जखमी करणाऱ्याने पाच गोष्टींची भरपाई द्यायची: नुकसान, वेदना, उपचार, बुडालेला रोजगार आणि अप्रतिष्ठा. नुकसान मोजायचं कसं? तो माणूस गुलाम म्हणून बाजारात उभा केला असता तर आधी किती किंमत आली असती आणि आता किती येईल, त्यातला फरक. हे वाचलं की विद्यार्थी लगेच लिहितो, ‘निर्गम २१:२४ मधल्या “डोळ्याबद्दल डोळा”चा अर्थ मिश्नेने पैशाची भरपाई असा लावला.’ नाही लावला! तिथे डोळा फोडल्याचं, हात तोडल्याचं, पाय मोडल्याचं उदाहरण आहे, पण ते वचन नाही. वचन आणि भरपाई यांची सांगड घालणारा युक्तिवाद मेखिल्तात, म्हणजे निर्गमवरच्या रब्बींच्या टीकेत, सापडतो, आणि पुढे बाबिलोनी तालमूदमध्ये (मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा, म्हणजे गेमारा) बावा कम्माच्याच ८३–८४ पानांवर. तिथे तर रब्बी एलिएझर यांचं ‘खरोखरचा डोळाच’ हे मतही नोंदलेलं आहे, आणि ते जिरवताना गेमाराची चांगलीच कसरत होते.

आता खालच्या, जुन्या थरात उतरा. ते वचन तोरात तीन ठिकाणी येतं. निर्गम २१मध्ये मारामारीत गरोदर बाईला लागतं तेव्हा, लेवीय २४मध्ये इजेच्या नियमांत, अनुवाद १९मध्ये खोट्या साक्षीदाराबद्दल. शिवाय निर्गम २१:१८-१९मध्ये मारामारीत अंथरुणाला खिळलेल्याला बुडालेला वेळ आणि उपचार भरून द्यायचे आहेत. म्हणजे ‘आधी सूड होता, मग रब्बींनी पैसा आणला’ ही सोपी गोष्टही टिकत नाही. आणखी खाली एश्नुन्ना या प्राचीन मेसोपोटेमियातल्या नगरराज्याचे कायदे. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेला बैल दोघांनी वाटून घ्यायचा, हा तिथला ५३वा नियम निर्गम २१:३५शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. मिश्नेत त्याच बैलाचे साधा आणि सराईत असे दोन वर्ग होतात. साध्याची निम्मी भरपाई, सराईताची पूर्ण. सराईत पुन्हा साधा कधी ठरतो? रब्बी मेईर म्हणतात, मुलांनी अंगाला हात लावला तरी शिंग मारत नाही तेव्हा. (या एका वाक्यासाठी मी हा विषय सोडला नाही असं म्हटलं तरी चालेल.)

म्हणून वहीत रकाने पाडा: शेजारचे प्राचीन कायदे, तोरा, मिश्ना, मेखिल्ता आणि गेमारा. प्रत्येक विधान कुणाचं, ते ठरल्याशिवाय लिहू नका. कंटाळवाणं आहे. करा.

आयत्या भाषांतरांना माझा विरोध नाही, पण सेफारिया या संकेतस्थळावर तालमूदचं जे इंग्रजी भाषांतर आहे त्यात ठळक अक्षरांतलं तेवढं मूळ, बाकी संपादकाची भर. ही भर ‘तालमूद म्हणतो’ म्हणून देणारे शोधनिबंध मी तपासलेत. निर्गमचे आकडेही जपून द्या. हिब्रू २१:३७ हे मराठी बायबलात २२:१ होतं आणि तो सगळा अध्याय एका अंकाने सरकतो.

गेमाराची अरामी भाषा येत नाही म्हणून घाबरू नका. मिश्ना हिब्रूत आहे आणि तिची वाक्यं आखूड असतात. आधी पाच वर्षं व्याकरण घोटा म्हणणाऱ्यांचं मी तरी ऐकलं नसतं. त्यापेक्षा मोठ्याने वाचायला एक भांडखोर जोडीदार शोधा, येशिवांत (यहुदी धर्मशिक्षणाच्या पाठशाळांत) हीच पद्धत आहे. आणि ‘हे नक्की कुठे म्हटलंय?’ विचारल्यावर ज्या मार्गदर्शकाच्या कपाळावर आठ्या येतात, त्याच्याकडे नाव नोंदवू नका, त्याची कीर्ती कितीही असो.

मिश्नेतलं न्यायालय जसंच्या तसं चालत होतं असंही धरू नका. देहदंडाला २३ न्यायाधीश सांगणारी हीच मिश्ना मक्कोत या प्रकरणग्रंथात रब्बी तार्फोन आणि रब्बी अकिवांचं म्हणणं नोंदवते: आम्ही तिथे असतो तर कुणालाच कधी देहदंड झाला नसता. यावर निबंध लिहायचा मोह होईल. पहिल्या वर्षी आवरा.

सुरुवात ठेवीच्या कायद्याने करा. निर्गम २२:७-१५ (मराठी क्रमांक) वाचा. तिथे एकीकडे पैसा आणि सामान, दुसरीकडे जनावरं, मग उसनं घेतलेलं जनावर. मग बावा मेत्सिया या प्रकरणग्रंथाच्या सातव्या अध्यायाचा शेवट काढा. तिथे राखणदार चार: फुकट राखणारा, मोबदला घेणारा, भाड्याने घेणारा, उसनं नेणारा. तोरात भेद वस्तूवरून दिसतो, मिश्नेत मोबदल्यावरून. एकातून दुसरं कसं निघालं असेल, याचा तर्क आधी स्वतः कागदावर मांडा. मेखिल्ता त्यानंतर उघडा.